दुखण्याची गोळी: चिठ्ठी हातात आल्यापासून उरलेल्या पत्त्यापर्यंत

गुडघा सुजला, दाढ ठणकली, कंबर धरली की डॉक्टर चिठ्ठीवर जी सूज उतरवणारी गोळी लिहितात, तिला नागपुरात सरसकट ‘दुखण्याची गोळी’ म्हणतात. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, निमेसुलाइड ही सगळी एकाच कुळातली. पॅरासिटामॉल या कुळात नाही. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सुजेवर त्याचा जोर चालत नाही. हा फरक पक्का डोक्यात ठेवा, पुढे तो बऱ्याच वेळा लागणार आहे.

आधी गोळी आत जाऊन काय करते ते पाहू, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. दुखावलेल्या जागी ती सूज, लाली आणि ठणका आणतात. हीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तरावरचा बुळबुळीत थर टिकवतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवतात. गोळी ही रसायनं बनणंच कमी करते. तिला गुडघा कुठला आणि जठर कुठलं हे कळत नाही. म्हणून सूज उतरते तेव्हाच पोटाचं आणि किडनीचं संरक्षणही थोडं कमी झालेलं असतं.

यावरून एक गैरसमज लगेच दूर होतो. ‘गोळीने पित्त होतं, त्यापेक्षा सुई मारून द्या’ असं दवाखान्यात रोज ऐकू येतं. सुईतलं औषधही रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच. जळजळ कदाचित कमी जाणवेल, अल्सरचा धोका मात्र सुईने टळत नाही.

डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहिलेली, पाच-सात दिवसांची गोळी बहुतेकांना काही करत नाही. घोळ होतो तो चार ठिकाणी: घरातल्या डब्यातली त्याच कुळातली दुसरी गोळी सोबत पोटात जाते, रिकाम्या पोटी घेतली जाते, अंग उन्हाने सुकलेलं असताना घेतली जाते, किंवा ‘बरं वाटते ना, चालू राहू दे’ म्हणत पाच दिवसांचे पन्नास होतात.

चिठ्ठी घेऊन उठण्याआधी

ओपीडीत गर्दी असते, बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यामुळे घरून निघतानाच सुरू असलेल्या सगळ्या औषधांचे पत्ते, म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिप, एका पिशवीत टाकून न्या. ‘बीपीची एक पांढरी गोळी आहे’ या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. पत्त्याचा असतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी स्वतःहून सांगा. पूर्वी कधी अल्सर झाला होता का, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली होती का. किडनीचा, हृदयाचा, लिव्हरचा आजार आहे का, स्टेंट बसवला आहे का. दमा आहे का, नाकात कोंब वाढले आहेत का, आणि ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या कुठल्याही गोळीने पूर्वी धाप लागली होती का. काही दमेकऱ्यांना या कुळातल्या गोळीने अर्ध्या-एक तासात जोराचा झटका येतो, आणि एका गोळीने आला तर बाकीच्यांनीही येऊ शकतो. गर्भ असेल किंवा असण्याची शक्यता असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं टाळतात, कारण बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत तर ती नकोच, बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

आता बीपीच्या गोळीकडे जरा जवळून पाहू, कारण नागपुरातल्या पन्नाशीपुढच्या कितीतरी घरांत ती आहे. टेल्मिसार्टनच्या पत्त्यावर नावापुढे ‘एच’ हे अक्षर आहे का बघा. ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. म्हणजे त्या एका गोळीत दोन औषधं आहेत. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतं, ‘एच’ अंगातलं पाणी कमी करतं, आणि वरून दुखण्याची गोळी किडनीकडे येणारी वाहिनी आवळते. तिन्ही मिळून काही दिवसांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, वर नेऊ शकतात. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन यांच्यासोबत फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड ही लघवीची गोळी चालू असेल तरी हेच. अशा माणसाला ही गोळी कधीच द्यायची नाही असं नाही, पण डॉक्टरांना हे ठाऊक असलं पाहिजे. दिवस कमी ठेवायचे, आणि आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त चालणार असेल तर मध्ये क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं. शिवाय ही गोळी बीपीच्या औषधाचा जोर थोडा मोडते. घरी मशीन असेल तर कोर्स चालू असेपर्यंत रोज एकदा बीपी मोजून लिहून ठेवा.

रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे वॉरफेरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल, रिव्हारोक्साबॅन, चालू असतील तर रक्तस्राव वाढतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर अल्सरचा धोका वाढतो. उदासीसाठी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन घेत असाल तर तेही सांगा, ते रक्त गोठण्यात ढवळाढवळ करतं. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात लिथियमची पातळी चढते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्याने दिलेली दुखण्याची गोळी सुरू करू नये.

हृदयासाठी इकोस्प्रिन ७५, म्हणजे कमी डोसचं ॲस्पिरिन, घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. आयबुप्रोफेन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटवरच्या ज्या जागेवर ॲस्पिरिनला बसायचं असतं तीच अडवून ठेवतं, त्यामुळे ॲस्पिरिनचं राखणीचं काम बिघडतं. साध्या, लगेच विरघळणाऱ्या ॲस्पिरिननंतर आयबुप्रोफेन किमान अर्ध्या तासाने, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी घ्यावं असा नियम आहे. पण इकोस्प्रिनवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, तिथे हे गणित जुळत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगून पर्याय लिहून घेणं बरं. मात्र पोट बिघडलं म्हणून इकोस्प्रिन मनाने बंद करू नका.

विदर्भात आणखी एक विचारणा हवी: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलच्या क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखणं एकदम उसळतं तेव्हा, हाडं ठणकतात तेव्हा ही औषधं खरंच दिली जातात आणि उपयोगी पडतात. पण सिकलमध्ये किडनी आधीच नाजूक झालेली असू शकते. वर्षातून चार-सहा वेळा दुखणं उठतं आणि प्रत्येक वेळी दुकानातून परस्पर पत्ता आणला जातो, हे धोक्याचं आहे. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते दाखवूनच औषध लिहून घ्या, आणि लघवीतलं प्रोटीन व क्रिएटिनिन ठरलेल्या वेळी तपासा.

शेवटी डॉक्टरांना एवढंच विचारा: किती दिवस? आणि दुखणं आधीच थांबलं तर बंद करू का? अँटिबायोटिकसारखा हा कोर्स पूर्ण करावा लागत नाही. मोच, दाढ, स्नायू धरणं यांत दुखणं थांबलं की बहुतेक वेळा गोळी थांबवता येते. संधिवात किंवा गाऊटमध्ये (युरिक ॲसिडने सांधा सुजणं) मात्र सांगितल्याशिवाय थांबवू नका.

पत्ता वाचणं

नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे हॉस्पिटलही आणि औषधाचं दुकानही. इथे दुकानाला दुकानच म्हणतो. दुकानदार दहाच्या पत्त्यातून सहा गोळ्या कात्रीने कापून देतो. ज्या तुकड्यावर एक्सपायरी आणि बॅच नंबर छापलेला असतो तो बरेचदा त्याच्याकडेच राहतो. कापण्याआधी पत्त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा किंवा बिलावर बॅच आणि एक्सपायरी लिहून मागा. ते मागणं हा तुमचा हक्क आहे. जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, बॅच आणि मुदत दिसते.

आता एक पत्ता हातात घ्या. समजा वर ‘झेरोडॉल-एसपी’ लिहिलं आहे. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा: एसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, सेराटिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम. पहिलं दुखण्याच्या कुळातलं. दुसरं पॅरासिटामॉल. तिसरं सूज उतरवणारं एन्झाइम म्हणून घातलेलं, ज्याचा फायदा फारसा सिद्ध झालेला नाही. आमच्या मते ते नसलं तरी काही अडत नाही. आता घरात कॉम्बिफ्लॅम पडलेली आहे. तिच्यात आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सकाळी झेरोडॉल-एसपी, दुपारी डोकं दुखतं म्हणून कॉम्बिफ्लॅम, रात्री कणकण वाटली म्हणून डोलो ६५०, म्हणजे पॅरासिटामॉल ६५०. तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या असं वाटतं. पोटात मात्र एकाच कुळातली दोन औषधं आणि १३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेलं. दोन दुखणीमार औषधं घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अल्सरचा धोका मात्र वाढतो. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. दारू पिणाऱ्यांना, लिव्हर खराब असलेल्यांना आणि अगदी कृश माणसांना ती बरीच खाली आणावी लागते.

पाळीच्या दुखण्यावरची मेफ्टाल-स्पासही याच कुळातली, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं. हे घरातल्या मुलींना सांगा, कारण तिच्याकडे कुणी ‘दुखण्याची गोळी’ म्हणून पाहतच नाही. २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने या औषधाबद्दल सूचना काढली होती: क्वचित काहींना घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते. वर्षानुवर्षं सोसलेली गोळी आहे म्हणून ताप-पुरळाकडे दुर्लक्ष करू नका.

निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांची अर्धी गोळी करून लेकराला देणं हा कुठल्याच औषधात बरा उपाय नाही. मुलांचा डोस वजनावर ठरतो. सोळा वर्षांखालच्यांना ॲस्पिरिन नको आणि कांजिण्या आल्या असताना आयबुप्रोफेन नको.

पत्त्यावरची दोन अक्षरंही बघा. ‘एसआर’ म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. ती तोडायची, चघळायची, कुटायची नाही. डायक्लोफिनॅक एसआर १०० ही दिवसात एकदाच घ्यायची. साधी ५० ची मात्र दोन किंवा तीन वेळा, आणि दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या वर नाही. एसिक्लोफिनॅक साधारण १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, दिवसाला २००. नेप्रोक्सेन दिवसाला १००० पर्यंत. आयबुप्रोफेन ४०० दोन वेळांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, आणि डॉक्टरांनी जास्त लिहिलं नसेल तर दिवसाला १२०० च्या आत. एटोरिकॉक्सिब रक्तात जवळपास दिवसभर टिकतं, म्हणून दिवसात एकदाच. त्याची १२० ची ताकद गाऊटच्या जोरदार झटक्यापुरती, तीही जास्तीत जास्त आठ दिवस. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर ते सुरूच करत नाहीत. केटोरोलॅक सगळ्यात जहाल, त्याला पाच दिवसांची हद्द आहे. ‘डीटी’ लिहिलेलं असेल तर गोळी पाण्यात विरघळवून घ्यायची.

चिठ्ठीवरची खूण कळत नसेल तर: ओडी म्हणजे दिवसात एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे दुखेल तेव्हाच. पीसी म्हणजे जेवणानंतर, एसी म्हणजे जेवणाआधी. एसओएस लिहिलेली गोळी घड्याळ लावून घेऊ नका.

घेण्याची पद्धत

आधी पोटात काही जाऊ द्या. पूर्ण जेवण नसलं तरी चालतं. अर्धी भाकरी, वाटीभर वरण-भात, प्लेटभर पोहे, नाहीतर कपभर दुधासोबत दोन पोळ्या पुरेत. मग बसून किंवा उभं राहून मोठा ग्लास भरून पाणी, त्यासोबत गोळी. चहाच्या घोटासोबत किंवा नुसती लाळेने गिळू नका. गोळी अन्ननलिकेला चिकटली की तिथेच व्रण पाडते, आणि छातीमागे जळजळ सुरू झाली की ती गोळीचीच आहे हे कळत नाही. घेतल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका. रात्रीची गोळी म्हणूनच जेवणानंतर लगेच घ्या, अंथरुणात जाताना नको.

सकाळी तर्री पोह्यांवर गोळी घ्यावी का? पोहे चालतील. तिखटाने अल्सर होत नाही. पण तर्रीने पोट जळतं आणि मग कशाने जळतंय ते ओळखता येत नाही. कोर्स चालू असेपर्यंत पोहे घ्या, तर्री फक्त नावाला. सावजीचा बेत पुढच्या आठवड्यावर टाका. खर्रा आणि विडी यांचं मात्र कौतुक नको, तंबाखूने अल्सर लवकर भरत नाही. दारूसोबत ही गोळी कधीच नको.

उपवासाला साबुदाण्याची उसळ, भगर, केळं, दूध यांवर गोळी घेतली तरी चालते. औषधाला पोटात काहीतरी हवं, ते उपवासाचं आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हरतालिकेसारख्या निर्जळ उपवासात आणि रोज्यात दिवसा ही गोळी नकोच. पोट आणि किडनी दोन्ही कोरडी असतात. एकदाच घ्यायच्या औषधाची वेळ सहेरी किंवा इफ्तारनंतर बसवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

सोबत ‘गॅसची गोळी’ लिहिली असेल, म्हणजे पँटोप्राझोल ४०, ओमेप्राझोल २० किंवा रॅबेप्राझोल २०, तर ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, अनशापोटी घ्या. दोन्ही गोळ्या एकत्र जेवणानंतर घेतल्या तर गॅसच्या गोळीचा फायदा कमीच पदरात पडतो. वय ६५ च्या वर असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, किंवा इकोस्प्रिन, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ही गोळी डॉक्टरांकडून मागूनच घ्या. पण ती जठर आणि त्यापुढचा छोटा भाग राखते. खालच्या आतड्याचं, किडनीचं, हृदयाचं काही राखत नाही. ‘पँटोप घेतो ना मी’ हे सबब म्हणून चालत नाही.

डोस चुकला आणि पुढच्याला बराच वेळ असेल तर आठवलं तेव्हा घ्या. पुढचा जवळ आला असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नको.

मे महिन्यातला डोस

नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, नवतपात रात्रीही कूलरची हवा गरम लागते. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाची किडनी रक्त कमी येत असतानाही लघवी बनवत असते, आणि त्या वेळी तिला वर सांगितलेली प्रोस्टाग्लँडिन हवीच असतात. नेमकी तीच गोळीने कमी होतात. बांधकामावर, भाजीबाजारात, डिलिव्हरीच्या गाडीवर उन्हात राबणाऱ्यांना कंबरदुखीची गोळी लागते आणि धोकाही त्यांनाच जास्त.

उपाय साधा आहे. शक्य असेल तर गोळी संध्याकाळी, घरी येऊन, पाणी पिऊन आणि जेवून घ्या. दोन वेळा घ्यायची असेल तर सकाळच्या गोळीनंतर कामावर जाताना दोन लिटरची बाटली न्या आणि लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा ठीक. गडद, चहासारखा झाला किंवा दुपारपर्यंत लघवीच लागली नाही तर पुढची गोळी थांबवा, पाणी-ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. कैरीचं पन्हं, आंबील, ताक चांगलंच. मीठ मात्र बीपीवाल्यांनी आवरून. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला ऐकू नये, आपल्या डॉक्टरांनी दिलेलं माप पाळावं.

ऊन लागून अंग तापलं तर दुखण्याची गोळी नको. उष्माघातातली उष्णता ताप उतरवणाऱ्या औषधाने उतरत नाही, पॅरासिटामॉलनेही नाही. अंगावर पाणी, वारा, सावली आणि लगेच १०८.

उलटी-जुलाब सुरू झाले तरी हाच नियम. त्या दिवशी दुखण्याची गोळी बंद. बीपीची आणि लघवीची गोळी चालू ठेवायची की नाही ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

पावसाळ्यातला ताप

ऑगस्ट ते नोव्हेंबर अंगदुखीसोबत ताप असेल तर ही गोळी बाजूला ठेवा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या कुळातली औषधं उरलेल्या प्लेटलेटचं कामही मंदावतात, त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. चिठ्ठी मागच्या महिन्यातली कंबरदुखीची असेल आणि आता ताप आला, तर ती चिठ्ठी या तापाला लागू नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. त्यात ताप जातो, पण सांधे महिनोन्‌महिने आखडलेले राहतात. तिथे सुजेची गोळी लागते, ती ताप उतरल्यावर आणि डेंग्यू नसल्याची खात्री झाल्यावर. असे महिने जातात तेव्हा गोळी ‘सवयीची’ होते. दर दोन आठवड्यांनी विचारा: डोस कमी करता येईल का, रोजऐवजी दुखेल तेव्हा घेता येईल का, व्यायामाने, शेकाने किंवा मलमाने भागेल का.

मलम

एका गुडघ्याचं किंवा बोटांच्या सांध्याचं दुखणं असेल तर डायक्लोफिनॅकचं जेल पहिल्यांदा वापरून पाहावं, कारण गोळीच्या मानाने फार थोडं औषध रक्तात जातं. पण लोक वाटाण्याएवढं लावतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. एक टक्क्याच्या जेलचा गुडघ्यासाठीचा पूर्ण डोस एका वेळी ४ ग्रॅम, दिवसात चार वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. घासून घासून नाही, हलक्या हाताने पसरून लावा. वर पट्टी बांधू नका, शेकू नका, खरचटलेल्या कातडीवर लावू नका, लावलेला भाग उन्हापासून झाका. मग हात धुवा. डोळा चोळला तर कळेलच. गोळीही चालू असेल तर मलम लावत असल्याचं डॉक्टरांना सांगा.

गावोगावी विकली जाणारी, लेबल नसलेली ‘गुडघ्याची जडीबुटी’ किंवा पुडी दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम देत असेल तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं सापडलेलं आहे.

थांबायचं कधी

अल्सर दुखेलच असं नाही. ही गोळी दुखणं दाबते, त्यामुळे पहिली खूण कधीकधी थेट रक्तस्रावाचीच असते. शौच डांबरासारखी काळी, चिकट, चकाकणारी आणि नेहमीपेक्षा वेगळ्या उग्र वासाची झाली तर ते आत वाहिलेलं, पचलेलं रक्त असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट-हिरवी होते, पण ती सहसा चिकट आणि उग्र वासाची नसते. शंका असेल तर लोहावर ढकलू नका. कॉफीच्या गाळासारखी उलटी, अचानक पोटात सुरा खुपसल्यासारखं दुखून पोट फळीसारखं कडक होणं, चक्कर येऊन घाम फुटणं: यात वाट पाहायची नाही. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या नागपुरातल्या सरकारी हॉस्पिटलांपैकी जे जवळ असेल तिथे अपघात विभागात जा, नाहीतर १०८ ला फोन करा. जाताना गोळीचा पत्ता सोबत घ्या.

छातीत दाब, धाप, अर्ध्या अंगाची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं यांतही तसंच. रोफेकॉक्सिब हे याच कुळातलं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. हा धोका कमी-जास्त प्रमाणात या कुळातल्या बहुतेक औषधांना आहे, डोससोबत वाढतो आणि पहिल्या काही आठवड्यांतही दिसू शकतो. हृदयविकार, स्टेंट किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना डायक्लोफिनॅक आणि एटोरिकॉक्सिब नको.

थोडं सावकाश कळणारं म्हणजे पाय सुजणं, दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढणं, लघवी कमी होणं, डोळे पिवळे पडणं, अंगावर पुरळ. यांत गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा. ओठ-जीभ सुजली, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटायला लागली तर तातडीने. असा त्रास झाल्याची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे.

महिन्यापेक्षा जास्त चालणाऱ्यांनी सुरुवातीला हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या आणि बीपी करून ठेवावं आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा. आधीचा रिपोर्ट जपा. एकटा आकडा काही सांगत नाही, चढता आकडा सांगतो. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर आतून थेंबथेंब रक्त जात असण्याची शक्यता बघतात. अल्सर होऊन गेलेल्यांनी दीर्घ कोर्सआधी एच. पायलोरी या जंतूची तपासणी करावी का, हे विचारून घ्यावं. दात काढायचा किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

ठेवायची कुठे, उरलेलीचं काय

बहुतेक पत्त्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. गाडीच्या डिक्कीत मेमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. ओट्याजवळ, फ्रिजच्या माथ्यावर, बाथरूममध्येही नको. आतल्या खोलीतलं, भिंतीला ऊन न लागणारं कपाट बरं. गोळ्या पत्त्यातून काढून डबीत भरू नका, चार दिवसांनी कुठली कोणती ते कळत नाही.

कोर्स संपला आणि चार गोळ्या उरल्या की शेजारच्या काकू हमखास येतात: ‘गुडघा लई दुखून राहिला, एक गोळी दे ना.’ काकूंच्या घरी टेल्मिसार्टन एच चालू आहे का, हे तुम्हाला माहीत नसतं. गोळी देऊ नका, मलम द्या आणि डॉक्टरांकडे जायला सांगा. पुन्हा लागतील म्हणून ठेवायच्या असतील तर पत्त्यावर पेनने कुणाच्या, कशासाठी आणि कोणत्या तारखेच्या ते लिहा. मुदत संपली असेल तर गोळ्या पत्त्यातून काढा, चहाच्या ओल्या चोथ्यात मिसळा, पिशवीत बांधून कचरागाडीत टाका, म्हणजे लेकरांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाणार नाहीत.